सेन्सर म्हणतो गॅस कमी, पीयूसी म्हणते जास्त

बॉनेटखाली : भाग ११

"वस्ताद, प्लग नवे टाकले, गॅसचा फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला. चेक इंजिनची लाइट काही जात नाही."

नारायणगावचा हा पिकअपवाला आमच्या वस्तादांच्या गॅरेजच्या दारात उभा होता. हातात तीन बिलं, मागे पिकअप. सीएनजीवर चालणारी, चार सिलिंडरची छोटी पिकअप. रनिंग १,८७,४०० किलोमीटर. हंगामात टोमॅटोचे क्रेट, एरवी मेथी-कोथिंबीर भरून रात्री निघायचं, पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात गाडी खाली करायची आणि परत फिरायचं. ज्याचं घर अशा एका गाडीवर चालतं, त्याला ॲव्हरेज किलोला वीसवरून सोळावर आल्याचं समजायला स्कॅनर लागत नाही. गॅस भरायला थांबण्याच्या जागा बदलल्या की समजतं. चढाला भरलेली गाडी दम खात होती, आयडलला किंचित झुलत होती. भरीस भर म्हणजे आदल्या आठवड्यात ती पीयूसीत नापास झाली होती.

स्कॅनर लावला. कोड आला पी ०१३३. म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी बसवलेला ऑक्सिजन सेन्सर उत्तर द्यायला वेळ लावतो आहे.

मागच्या भागात आपण स्पार्क प्लग पाहिले. प्लग जाळतो, जळण नीट झालं की नाही हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगायला मात्र दुसरंच कुणीतरी लागतं. ते काम हा सेन्सर करतो. दिसायला तोही प्लगसारखाच. आटे असलेलं लोखंडी अंग, वर षट्कोनी डोकं, मागून निघालेल्या चार तारा. तो बसतो एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा त्याच्या लगेच पुढच्या पाइपवर, आणि टोक आत धुरात बुडवून ठेवतो. कन्व्हर्टरच्या पुढे, सायलेन्सरच्या बाजूला, त्याचा दुसरा भाऊ असतो. अमेरिकेत चालणाऱ्या व्ही-८ इंजिनाच्या थोरल्या पिकअपना सिलिंडरच्या दोन रांगा असतात, म्हणून तिथे बहुधा चार सेन्सर. आपल्या छोट्या पिकअपना दोन पुरतात. आपल्याकडच्या मोठ्या पिकअप बहुतेक डिझेलच्या. त्यांच्या धुराचं गणित निराळं आहे, ते आजच्या भागात घेत नाही.

एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. सीएनजीला त्याहून जास्त, सुमारे १७ किलो. हे प्रमाण बरोबर जुळलं की त्याला लॅम्डा एक म्हणतात. एकाच्या खाली म्हणजे इंधन जास्त, वर म्हणजे हवा जास्त. कन्व्हर्टरमधले प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम धुरातले तीन विषारी घटक एकदम निष्प्रभ करतात, पण हे प्रमाण एकाच्या अगदी आसपास राहिलं तरच. जरा इकडे-तिकडे झालं की एखादा घटक तसाच बाहेर पडतो. म्हणून कॉम्प्युटर सतत इंधन किंचित वाढवतो, किंचित घटवतो, पुन्हा वाढवतो. हा झोका त्याला सांभाळता येतो तो सेन्सरच्या भरवशावर.

सेन्सरच्या टोकाला शिंप्याच्या अंगुस्तानासारखी झिर्कोनियाची एक वाटी असते. आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. वाटीच्या बाहेर धूर, आत साधी मोकळी हवा. सेन्सर तापून साधारण साडेतीनशे अंशांच्या आसपास गेला की ही सिरॅमिकची भिंत ऑक्सिजनच्या आयनांना वाट देऊ लागते आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधला फरक विजेच्या रूपात मोजता येतो. धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे इंधन जास्त असेल, तर ०.९ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ च्या आसपास. मधली रेघ ०.४५. यामागचं समीकरण जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडलं होतं. पुढे याच नेर्न्स्टनी झिर्कोनियाची कांडी तापवून उजेड देणारा दिवाही बनवला. त्या दिव्याची आणि आपल्या सेन्सरची माती एकच, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हातातल्या जुन्या सेन्सरकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो.

गाडीवर तो आला १९७६ मध्ये. बॉशने बनवलेला सेन्सर कॅलिफोर्नियात विकायच्या व्होल्वो गाड्यांवर प्रथम बसला, कारण धुराचे सगळ्यांत कडक नियम तिथे होते. आपल्याकडे या सगळ्याची वाट शिसं अडवून बसलं होतं. पेट्रोलमधलं शिसं कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघांनाही मारतं. म्हणून १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा बिनशिशाचं पेट्रोलही सोबत आणावं लागलं. देशभर शिसं गेलं ते २००० च्या फेब्रुवारीत. बीएस-६ आल्यावर, म्हणजे एप्रिल २०२० पासून, या दोन सेन्सरांवरची जबाबदारी आणखी वाढली.

सेन्सर एका दिवसात मरत नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. स्वतःला तापवायला आत हीटर असलेला सेन्सर साधारण १,६०,००० किलोमीटर टिकेल असं धरून बनवलेला असतो. जुना, हीटर नसलेला, त्याच्या निम्माही टिकत नसे. पण टिकणं म्हणजे काय? चांगला सेन्सर गरम इंजिनावर एका सेकंदात वर-खाली होतो. म्हातारा झाला की तोच झोका तो रेंगाळत घेतो. कॉम्प्युटरला बातमी मिळते, पण शिळी. तो शिळ्या बातमीवर इंधन टाकत राहतो. महिनोन्‌महिने असंच चालतं, लाइट लागत नाही, ॲव्हरेज किलोला अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरने घसरतं आणि मालक दोष रस्त्याला, लोडला, पंपाला देत राहतो.

आता आमच्या पिकअपकडे येऊ. पी ०१३३ दिसल्यावर सेन्सर काढून नवा टाकायचा मोह होतोच. बहुतेक ठिकाणी तेच करतात. माझं स्पष्ट मत असं की कोड ही फिर्याद समजावी आणि पंचनामा आपण करावा. सेन्सर धुराबद्दल जे सांगतो ते खरं असूनही लाइट लागू शकते, कारण धूरच खराब असतो. तेव्हा नवा सेन्सरही तेच सांगतो आणि गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात जातात.

वस्तादांनी आधी लाइव्ह डेटा उघडला. पुढचा सेन्सर ०.२ ते ०.५ च्या मध्ये आळसावल्यासारखा फिरत होता. ०.९ कडे जायलाच तयार नव्हता. म्हणजे त्याचं म्हणणं असं की इंधन कमी पडतंय. कॉम्प्युटरने ते ऐकून इंधन वाढवलेलं: लाँग टर्म ट्रिम अधिक १८ टक्के. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर आम्ही तिकडे फारसं बघत नाही. १८ म्हणजे गाडी वाटीभर मागते आणि कॉम्प्युटर सव्वा वाटीच्या जवळपास वाढतो आहे.

मग गाडी गॅसवरून पेट्रोलवर घेतली. दोन इंधनांची गाडी असल्याचा हा मोठा फायदा आहे आणि तो फार कमी जण वापरतात. गॅसचा रेग्युलेटर, गॅसचे इंजेक्टर, गॅसचा फिल्टर यांत दोष असेल तर पेट्रोलवर ट्रिम ताळ्यावर यायला हवा. थोडं चालवून पाहिलं. पेट्रोलवरही अधिक १७. म्हणजे दोष दोन्ही इंधनांना सामाईक असलेल्या जागी. गॅसच्या फिल्टरचं ते बिल तर वाया गेलंच होतं.

इथे वस्तादांनी मालकाला विचारलं, "भाऊ, पीयूसीचा कागद आहे का? नापास झालेला?"

होता. डॅशबोर्डच्या खणात, टोलच्या पावत्यांत चुरगळलेला. त्यावर हाय आयडलला लॅम्डा ०.९४ आणि कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या बराच वर. आपल्याकडे बीएस-४ पासूनच्या पेट्रोल गाडीला हा लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या मध्ये लागतो. ०.९४ म्हणजे इंधन जास्त, आणि उघड जास्त. पीयूसीचं मशीन सायलेन्सरच्या तोंडाशी धूर घेऊन स्वतःचा हिशेब करतं, गाडीच्या सेन्सरला काही विचारत नाही. एकाच धुराबद्दल दोन साक्षी झाल्या आणि त्या एकमेकींच्या उलट. गाडीचा सेन्सर म्हणतो इंधन कमी, मशीन म्हणतं जास्त. नापास झालेला कागद लोक रागाने फाडून टाकतात. टाकू नका, त्यावर फार कामाचे आकडे असतात.

तरी सेन्सर लगेच खोटा ठरत नाही. मॅनिफोल्डच्या गॅस्केटला चीर असेल तर सेन्सरच्या आधीच बाहेरची हवा पाइपात ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, तो प्रामाणिकपणे "इंधन कमी" म्हणतो, कॉम्प्युटर इंधन वाढवतो, आणि पुढचं सगळं असंच घडतं. लाख-दीड लाख चाललेल्या गाडीत ही चीर नेहमीची. म्हणून गाडी सकाळी थंड असताना चालू केली, कारण लोखंड तापलं की चीर मिटते आणि आवाज बंद होतो. टकटक नाही. गॅस्केटच्या कडेला काजळीची रेघ नाही. साबणाचं पाणी मारून पाहिलं, बुडबुडे नाहीत. हीटरचा फ्यूज पाहिला, तोही ठीक. (पुढच्या-मागच्या दोन्ही सेन्सरांच्या हीटरचे कोड एकाच दिवशी आले, तर सेन्सरला हात लावायच्या आधी फ्यूज बघा. दोन सेन्सर एका दिवशी मरत नाहीत.)

शेवटी रेस एकदम दाबून सोडली. चांगला सेन्सर दाबल्याबरोबर ०.८-०.९ ला उडी मारतो आणि सोडल्याबरोबर तळाला जातो. हा दाबल्यावर कसाबसा अर्ध्या व्होल्टपर्यंत चढला, तोही सावकाश. आता निकाल द्यायला हरकत नव्हती.

मागचा सेन्सर मात्र शांत, ०.६५ च्या आसपास स्थिर. तसाच तो असायला हवा. कन्व्हर्टर आपल्या पोटात ऑक्सिजन साठवून पुढचे झोके गिळून टाकतो, म्हणून मागच्याला सपाट रेघ दिसते. मागचाही पुढच्यासारखा झुलू लागला की कन्व्हर्टर थकला समजायचं. तो विषय पुढच्या भागात. "आता उघडलंच आहे तर दोन्ही बदलून टाका" हा सल्ला मला पटत नाही. मागच्याला धुतलेला धूर मिळतो, तो जास्त टिकतो. तपासून चांगला निघाला तर राहू द्यावा.

काढण्याचं काम सोपं दिसतं, पण तिथेच नुकसान होतं. सेन्सरचे आटे १८ मिलिमीटरचे, पाना २२ चा. लाखाच्या वर किलोमीटर तो लाल होणाऱ्या लोखंडात बसलेला असतो, त्यात आपला पावसाळा आणि चिखल, त्यामुळे आटे गंजून एकजीव होतात. आदल्या संध्याकाळी मुळाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. सकाळी इंजिन थोडं चालवलं, मॅनिफोल्ड कोमट केलं आणि मग पाना लावला. फिक्सा पाना नको. तो सटकतो, डोकं गोल होतं आणि मग कुणालाच काही करता येत नाही. तारेसाठी फट पाडलेला खास सॉकेट मिळतो, तो घ्यावा. खाली शिरायचं तर गाडी घोडीवर घ्यावी, नुसत्या जॅकवर कधीच नाही.

पहिला झटका बसला तेव्हा सेन्सर पाव फेरा सुटला आणि किरकिरला. वस्ताद तिथेच थांबले. परत थोडा आवळला, पुन्हा तेल, पुन्हा थोडा सोडला. असं पुढे-मागे करत दहा मिनिटं. किरकिरणारा सेन्सर जोराने ओढला तर मॅनिफोल्डचे आटेही त्याच्याबरोबर येतात. मग टॅप मारा, नाहीतर मॅनिफोल्ड उतरवा, आणि एक दिवसाचं काम तीन दिवसांचं होतं. ज्याची गाडी रोज रात्री निघते, त्याच्या तीन दिवसांची किंमत गॅरेजवाल्याने स्वतःच्या खिशातून जात असल्यासारखी मोजायला हवी.

सेन्सर बाहेर आला. टोकावरच्या भोकांच्या जाळीतून आत पाहिलं. पांढरा. फटफटीत पांढरा, चुलीतल्या राखेसारखा, पण फुंकर मारून न उडणारा. बोट फिरवलं तर खरखरीत लागला.

या रंगाकडे नीट बघायला हवं. काळी मऊ काजळी असती तर इंजिन जास्त इंधन खातंय आणि सेन्सर निर्दोष असण्याची शक्यता. तपकिरी, चकचकीत थर असता तर ऑइल जळतंय. रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेले की ऑइलमधला फॉस्फरस टोकावर काचेसारखा बसतो. कूलंट आत गळत असेल तरी पांढुरकं होतं, म्हणून पाण्याची पातळी पाहिली. ती बरोबर होती, गेल्या वर्षात घालावंही लागलं नव्हतं. उरलं सिलिकॉन. सिलिकॉनची वाफ जळली की वाळू होते, अक्षरशः वाळू, आणि ती प्लॅटिनमवर बसून ऑक्सिजनची वाट बुजवते. असा सेन्सर पेट्रोलमध्ये, थिनरमध्ये कितीही धुतला तरी सुधारत नाही. "साफ करून देतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

नवा सेन्सर घेताना गाडीच्या पार्ट नंबरचाच घ्यावा. पुढचा आणि मागचा हातात घेतले तर जुळे वाटतात. आटे तेच, पण तारेची लांबी किंवा कपलर वेगळा असतो, आणि काही नव्या गाड्यांत तर पुढचा निराळ्याच जातीचा, रुंद पट्ट्यात मोजणारा असतो. तिथे साधा चालत नाही. बिनकपलरचा, तारा जोडून घ्यायचा स्वस्त सेन्सरही मिळतो. तो घेतलाच तर तारा दाबून, क्रिम्प करून जोडा. डाग देऊ नका. झिर्कोनियाच्या वाटीत जी मोकळी हवा लागते म्हणून वर सांगितलं, ती बऱ्याच सेन्सरांत याच तारांच्या धाग्यांमधल्या फटींतून आत जाते. कथील ओतलं की त्या फटी बुजतात. पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला काळं कोटिंग मारताना सेन्सरवर आणि कपलरवर फवारा जातो, त्यानेही हेच होतं. कोटिंगवाल्या पोराला सांगून तेवढा भाग कागदाने झाकून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

नव्या सेन्सरच्या आट्यांना न चिकटणारी पेस्ट कारखान्यातूनच लावलेली होती. तिच्यावर आणखी ग्रीस लावायचं नाही, ते टोकाकडे वितळतं. टोकाला बोट लावायचं नाही. हातातून फरशीवर पडला तर बाहेरून काही दिसत नाही, पण आतली वाटी तडकलेली असू शकते. हाताने सगळे आटे बसवले, मग टॉर्क पान्याने साधारण ४५ न्यूटन मीटर. तार मॅनिफोल्डपासून लांब, मूळच्या क्लिपमध्ये. कपलरचा टक असा आवाज ऐकून खात्री केली.

कोड पुसला, जुना शिकलेला ट्रिम पुसला आणि इंजिन चालू केलं. अर्ध्या मिनिटात हीटरने सेन्सर तापवला आणि स्क्रीनवरची रेघ हलू लागली. ०.१, ०.८, ०.२, ०.८५. मालक काचेवर वाकून बघत होता. काय चाललंय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण आधीची मेलेली रेघ त्याने पाहिली होती.

"झालं ना वस्ताद? निघू?"

"थांबा भाऊ. चार-पाच महिन्यांत इंजिनाचं काही काम केलंय?"

मालकाला आठवायला वेळ लागला. टॅपेट कव्हरमधून ऑइल पाझरत होतं, ते वाटेतल्या एका गॅरेजमध्ये बंद करून घेतलं होतं. बॉनेट पुन्हा उघडलं. कव्हरच्या कडेने लाल सिलिकॉन पुरणपोळीतून पुरण फुटावं तसं बाहेर आलेलं. जेवढं बाहेर दिसत होतं, तेवढंच आतही फुटलेलं असणार. साध्या सिलिकॉनच्या वाफा इंजिनाच्या पोटातून श्वासाच्या नळीवाटे परत इनटेकला जातात, जळतात आणि सेन्सरवर येऊन बसतात. ज्याने लावलं त्याने गळती थांबवली होती, आणि गळती खरंच थांबलीही होती. ट्यूबवर ऑक्सिजन सेन्सरला चालेल असं लिहिलंय का, एवढंच त्याने बघितलं नव्हतं.

वाटेवर आणखी एक दुकान आहे, तिथे कन्व्हर्टर थकल्यावर लागणाऱ्या लाइटवर भलताच उपाय मिळतो. मागच्या सेन्सरखाली एक लांब नट बसवतात. टोक धुराबाहेर येतं, सेन्सरला काही दिसत नाही, लाइट विझते. पुढचा सेन्सर खोटं सांगत असेल तर तो सांगतच राहतो, जास्तीचं इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत राहतं आणि आतली जाळी वितळते. कन्व्हर्टरची किंमत सेन्सरच्या कैक पट. आणि तो धूर पहाटे चारला मार्केट यार्डात गाडी चालू ठेवून गाळ्यापाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या, हमालाच्या, भाजी निवडणाऱ्या बाईच्या नाकात जातो. हा नट कुणीही बसवून घेऊ नये, असं मी हात जोडून सांगतो.

टॅपेट कव्हर उतरवलं. गॅरेजमधल्या पोराने ब्लेड घेऊन आतलं-बाहेरचं लाल सिलिकॉन खरवडायला घेतलं, तुकडे हेडमध्ये पडू नयेत म्हणून खाली कापड पसरून. नवं रबरी गॅस्केट बसवलं, आणि कोपऱ्यांत जिथे लावावंच लागतं तिथे सेन्सरला चालणारं करडं सीलंट, मुगाच्या दाण्याएवढं. ऑइल आणि फिल्टर बदलला. या सगळ्याला सेन्सर बदलण्यापेक्षा दुप्पट वेळ गेला. मालक दोनदा घड्याळाकडे बघून गेला.

संध्याकाळी सहाला गाडी पीयूसीवर नेली. लॅम्डा १.००. लाँग टर्म ट्रिम गॅसवर अधिक ३, पेट्रोलवर अधिक २. पांढरा पडलेला जुना सेन्सर मालकाने मागून घेतला आणि डॅशबोर्डच्या खणात, पीयूसीच्या दोन कागदांशेजारी ठेवला. रात्री अकराला मंचरच्या पुढे माल भरायचा होता.